निवासमंडप, तो दोर आणि तुमचं प्रभुभोजन

नगरहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. पत्र निवासमंडपाबद्दल, म्हणजे मोशेच्या काळी इस्राएल लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूबद्दल आहे. मोठं आहे, त्यातलं मुख्य तेवढं देते:

"आमच्या मंडळीत महिला मंडळाचा शनिवारी शास्त्राभ्यास असतो आणि पुढच्या महिन्यात निवासमंडप हा विषय माझ्यावर आलाय. मी निर्गम २५ पासून वाचायला घेते आणि दोन अध्यायांत अडकते, इतके हात लांब, इतके हात रुंद, कड्या, बिरडी, बैठका, मेखा. यूट्यूबवर एक भाऊ एकेका मेखेचा अर्थ सांगतात, ते ऐकलं की वाटतं आपल्याला काहीच कळत नाही. सासूबाई म्हणतात ते सगळं जुन्या करारातलं, येशू आल्यावर संपलं, सोडून दे. आणि एक गोष्ट मी अजून कुणाला बोलले नाही. एका कन्व्हेन्शनमधे ऐकलं की मुख्य याजक परमपवित्रस्थानात जाताना त्याच्या पायाला दोर बांधायचे, आत मेला तर ओढून काढायला. तेव्हापासून मला देवाची भीतीच बसलीय. जमिनीवरून भावाशी भांडण झालं, आई त्याच्याकडे होती, मी रागाने तिकडे गेले नाही आणि आई गेली. तेव्हापासून मी प्रभुभोजन (मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेत नाही. मीच बाहेरची, तर मंडपाबद्दल बायकांना काय सांगू?"

सलाम ताई,

आधी त्या दोराचं बोलू, कारण मला वाटतं तुमच्या मनात निवासमंडप म्हणजे तो दोरच होऊन बसलाय. ताई, तो दोर बायबलमधे कुठेच नाही. निर्गम वाचा, लेवीय वाचा, गणना वाचा, इब्री लोकांस पत्र वाचा, सापडणार नाही. ती गोष्ट मध्ययुगातल्या यहुदी लिखाणात येते, म्हणजे मोशेनंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी, आणि ऐकायला अंगावर काटा आणणारी आहे म्हणून संदेशांमधे टिकून राहिली. सोबत घुंगरांचंही सांगतात ना, की आतून घुंगरांचा आवाज बंद झाला की बाहेरचे दोर ओढायचे, ते तर मुळातच बसत नाही. मोशेचा भाऊ अहरोन हा पहिला मुख्य याजक, त्याच्या निळ्या झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरं आणि डाळिंबं होती हे खरं, निर्गम २८ मधे आहे, पण प्रायश्चित्ताच्या दिवशी पडद्याच्या आत, म्हणजे परमपवित्रस्थान या सगळ्यात आतल्या खोलीत, जाताना तो हा झगा घालून जातच नव्हता, लेवीय १६ मधे स्पष्ट लिहिलंय की त्या वेळी साधी सणाची, म्हणजे तागासारख्या धाग्याची, वस्त्रं घालायची.

देवाची पवित्रता ही हलकी गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अहरोनाची दोन मुलं, नादाब आणि अबीहू, देवाने न सांगितलेला अग्नी घेऊन पुढे गेली आणि मेली, लेवीय १० मधे आहे, आणि लेवीय १६ ची सुरुवातच त्या आठवणीने होते. पण त्याच अध्यायात नंतर काय येतं बघा, माणसाने आत कसं यावं याची नीट सांगितलेली वाट येते. ज्याला माणसं जवळ नकोच असतात तो वाट सांगत बसत नाही.

आता तुम्ही जिथे अडकता तिथे येऊ. तुम्ही २५ पासून सरळ वाचत जाता म्हणून दमता. एकदा असं करा, २५ मधलं आठवं वचन वाचा, जिथे देव म्हणतो की त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं म्हणजे मी त्यांच्यामधे वस्ती करीन, आणि तिथून थेट ३२ वर जा. २५ ते ३१ मधे देव डोंगरावर मोशेला मंडपाचा सगळा आराखडा सांगतोय, आणि त्याच वेळी खाली छावणीत काय चाललंय तर लोक कानातलं सोनं काढून देतायत आणि त्याचं पूजेसाठी वासरू ओतलं जातंय. आणि ते करणारा कोण, तर अहरोन. मोशे खाली येतो, दहा आज्ञांच्या दगडी पाट्या फुटतात, माणसं मरतात, आणि ३३ मधे देव म्हणतो की मी तुमच्यामधे राहून वर येणार नाही. मोशे रडकुंडीला येऊन विनवतो की तू येणार नसशील तर आम्हाला इथून पुढे नेऊच नकोस. देव ऐकतो. ३४ मधे पाट्या पुन्हा कोरल्या जातात. आणि मग ३५ पासून ४० पर्यंत मंडप बांधून होतो, आणि तिथे तीच मापं, त्याच कड्या, तेच पडदे पुन्हा येतात, जवळजवळ शब्दाला शब्द.

लोकांना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. मला अख्ख्या निर्गमातला हा सगळ्यात मोठा दिलासा वाटतो. मधे वासरू होऊन गेलंय, आणि तरी आराखड्यातला एक हातही कमी झालेला नाही. देवाने शेवटी असं म्हटलं नाही की आता तुम्ही असं वागलात तर मी छावणीच्या बाहेर लांब कुठेतरी राहतो, किंवा कोश, म्हणजे त्या पाट्या ठेवायची पेटी, करू नका, नुसती वेदी करा. जसं आधी ठरलं होतं तसंच झालं, आणि ४० च्या शेवटी मेघ उतरतो आणि मंडप परमेश्वराच्या तेजाने भरून जातो. मिसरमधून निघाल्याच्या दुसऱ्या वर्षी, पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो उभा राहिला असं तिथे दिलंय.

आणि अहरोन? ज्याच्या हातून ते वासरू झालं त्यालाच याजकाची वस्त्रं घातली गेली. लेवीय ९ उघडा, याजक म्हणून त्याची पहिली सेवा तिथे आहे, आणि त्याला स्वतःच्या पापासाठी काय आणायला सांगितलंय तर गोऱ्हा. वासराचं पाप आणि गोऱ्ह्याचं अर्पण. यहुदी शिक्षकांच्याही हे फार पूर्वीपासून लक्षात आलेलं आहे. मला वाटतं अहरोन त्या दिवशी वेदीजवळ जाताना थांबला असेल, कारण मोशेला त्याला मुद्दाम म्हणावं लागतं की वेदीजवळ जा. ताई, तुम्ही स्वतःला बाहेरची म्हणता. अहरोनापेक्षा जास्त बाहेरचा माणूस त्या छावणीत कोण होता?

मंडप मुळात होता केवढा तेही एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण आपण मनात काहीतरी राजवाडा धरून बसतो. हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद, म्हणजे ४५ मीटर बाय साडेबावीस. त्यात तो आच्छादलेला मंडप ३० हात लांब आणि १० हात रुंद, म्हणजे आपल्याकडच्या झेडपीच्या शाळेतल्या दोन वर्गखोल्या सलग धरल्या तर जेवढ्या होतील तेवढाच. आत तलम सणाचे निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचे, करूब म्हणजे पंखवाले स्वर्गीय प्राणी विणलेले पडदे, त्यावर बकऱ्यांच्या केसांचे, त्यावर कातडी. बाहेरून बघणाऱ्याला रखरखीत रानातला एक कातड्याचा तंबू दिसत असणार, सोनं सगळं आत. पूर्वेकडून एकच दार. आत शिरलं की होमवेदी, मग हातपाय धुवायचं पितळी गंगाळ, मग मंडपाच्या पहिल्या खोलीत एकीकडे समर्पित भाकरीचं मेज, त्यावर दर शब्बाथाला बदलायच्या १२ भाकरी, समोर सात दिव्यांचा दीपवृक्ष, आणि पडद्याजवळ धूपवेदी. पडद्याच्या आत १० हात लांब, १० रुंद, १० उंच अशी चौकोनी खोली, तिच्यात फक्त कराराचा कोश आणि त्यावर दयासन, म्हणजे त्याचं सोन्याचं झाकण. आणि हे सगळं छावणीच्या मधोमध, चारही बाजूंना तीन तीन वंश, गणना २ मधे मांडणी आहे. लोक तंबूत राहत होते म्हणून देवही तंबूत राहिला, लोक निघाले की तोही निघाला.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते आणि ती तुमच्या मंडळातल्या बायकांनाही आवडेल. मंडपाच्या फळ्या आणि आतल्या पडद्याचे खांब चांदीच्या बैठकांवर उभे होते, अशा १०० बैठका. ती चांदी कुठून आली तर मोजणीच्या वेळी प्रत्येक पुरुषाने दिलेल्या अर्ध्या शेकेल वजनाच्या चांदीतून, आणि निर्गम ३० मधे बजावून सांगितलंय की श्रीमंताने जास्त द्यायचं नाही आणि गरिबाने कमी द्यायचं नाही. म्हणजे भिंती ज्याच्यावर उभ्या आहेत त्यात सगळ्यांचा वाटा सारखा. बाकीचं सोनं, पितळ, सूत, केस हे ज्याला जसं मनापासून वाटलं तसं, आणि ते इतकं आलं की मोशेला छावणीत दवंडी द्यावी लागली की आता बास, आणू नका. बायकांनी सूत कातलं, बकऱ्यांचे केस कातले, आणि ते गंगाळ ज्या पितळेचं झालं ते दर्शनमंडपाच्या दारापाशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांचं होतं, निर्गम ३८:८.

आता यूट्यूबवरच्या भावांचं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, वस्तूंमधे अर्थ शोधायची सवय ख्रिस्ती लोकांना फार जुनी आहे, ८ व्या शतकात इंग्लंडमधल्या बीड नावाच्या मठवासी विद्वानाने निवासमंडपावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. पण एक बघा, ते भाऊ सांगत असतील निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपद, किरमिजी म्हणजे रक्त. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस त्याच पडद्यांबद्दल सांगतो की सण म्हणजे पृथ्वी, जांभळा म्हणजे समुद्र, निळा म्हणजे हवा आणि किरमिजी म्हणजे अग्नी. पडदा तोच, अर्थ वेगळे, आणि निर्गमात स्वतः यातलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून मी असं करते, नवा करार ज्याचा अर्थ स्वतः उघडून सांगतो ते घट्ट धरते, जे नव्या कराराच्या बोलण्याशी सहज जुळतं ते मनन म्हणून आनंदाने घेते, म्हणजे भाकरीचं मेज बघून येशूचं मी जीवनाची भाकर आहे हे आठवणं किंवा दीपवृक्ष बघून जगाचा प्रकाश आठवणं, आणि मेखा आणि कड्यांचे अर्थ मात्र सोडून देते, त्यांनी तंबू वाऱ्याने उडू दिला नाही हे त्यांचं काम पुरे आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखकसुद्धा ९ व्या अध्यायात कोश, दयासन, करूब इथपर्यंत येतो आणि म्हणतो की याबद्दल एकेक करून आता सांगता येत नाही, आणि पुढे जातो. तो थांबू शकतो तर आपणही थांबू शकतो, त्याने तुमचा विश्वास कमी ठरत नाही.

मग नवा करार स्वतः काय सांगतो? योहान पहिल्याच अध्यायात सांगतो की शब्द देही झाला आणि आमच्यामधे वस्तीला राहिला, आणि लगेच म्हणतो की आम्ही त्याचं गौरव पाहिलं. ज्याने निर्गम ४० वाचलंय त्याला तो मेघ आणि ते तेज आठवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे निर्गम २५ मधली ती इच्छा, मी त्यांच्यामधे वस्ती करीन, ती एका माणसाच्या रूपात पुरी झाली ही ख्रिस्ती विश्वासाची मध्यावरची गोष्ट. आणि इब्रीकर म्हणतो की तो मंडप स्वर्गीय गोष्टींची प्रतिमा आणि छाया होता, खरा मुख्य याजक ख्रिस्त, तो बकऱ्या-गोऱ्ह्यांचं रक्त न घेता स्वतःचं रक्त घेऊन एकदाच आत गेला.

इथे पडद्याचं नीट समजून घ्या, कारण तुमची भीती पडद्यापाशीच आहे. वर्षातून एकच दिवस, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, एकच माणूस आत जायचा, आधी स्वतःच्या पापासाठी रक्त, मग लोकांच्या पापासाठी. दोन बकरे असायचे, एक मारला जायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं, जिथून ती पापं परत येणार नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुढे मंडपाच्या जागी शलमोनाचं मंदिर आलं, ते बाबेलच्या लोकांनी इ.स.पू. ५८६ मधे पाडलं, दुसरं मंदिर बांधलं गेलं पण त्यात कोश नव्हता, परमपवित्रस्थान रिकामं होतं, तरी पडदा होता आणि बंदी होती. आणि शुभवर्तमान सांगतं की येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा त्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. मत्तय आणि मार्क दोघंही वरपासून खालपर्यंत असंच लिहितात. खालून फाटला असता तर माणसाने ओढला म्हणता आलं असतं. इब्री १० तर सरळ म्हणतं की तो पडदा म्हणजे त्याचा देह, त्यातून नवी आणि जिवंत वाट उघडली, म्हणून धैर्याने आत या. हे पत्र बिनचूक वागणाऱ्यांना लिहिलेलं नाही हो ताई, खचलेल्या, एकत्र जमणंच सोडून देत चाललेल्या लोकांना लिहिलेलं आहे. तुमच्यासारख्यांनाच.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बलिदानं आता नाहीत, तंबू नाही, ते पुरं झालं. पण पुरं झालं म्हणजे काय झालं हे कळायला आधी ते काय होतं ते माहीत लागतं. इब्री ८ ते १० मंडप न वाचता कुणाला समजावून सांगता येतं का ते एकदा करून बघा. प्रकटीकरण २१ मधे तर शेवटच्या पानांवर हाच शब्द परत येतो, पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे, आणि ते नवं यरुशलेम लांब-रुंद-उंच सारखंच, त्या आतल्या चौकोनी खोलीसारखं, फरक इतकाच की आता सगळे लोक आत आहेत. सासूबाईंना वाद घालून सांगू नका, त्यांनाच ते वचन मोठ्याने वाचायला द्या.

आणखी एक विनंती. शनिवारी बोलताना यहुदी लोकांना त्यांचंच पुस्तक कळलं नाही अशा सुरात बोलू नका, हे मी फार ऐकते आणि मला वाईट वाटतं. हे अध्याय आजही जगभरच्या सिनेगॉगमधे, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत, दरवर्षी वाचले जातात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी मराठीच बोलतात, पुण्याला कॅम्पात लालदेऊळ हे सिनेगॉग आहे, त्यांच्यासाठी मंडप ही कशाची छाया नाही, तो देव आणि त्यांच्यातल्या कराराचा भाग आहे. आपण ख्रिस्ती म्हणून त्यात ख्रिस्ताला बघतो, ते ठामपणे सांगावं, पण ज्यांनी हे शब्द इतकी शतकं जपले म्हणून आपल्या हाती आले त्यांचा मान ठेवून सांगावं.

आता प्रभुभोजन. तुम्ही बहुतेक १ करिंथ ११ मुळे थांबला असाल, अयोग्य प्रकारे खाईल तो दोषी. ते वचन खरं आहे, पण पुढचं २८ वं वाचा, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं, प्यावं. परीक्षा करून घरी बसावं असं पौल म्हणत नाही. आणि तिथे करिंथमधे नेमकं काय चाललं होतं, तर पैसेवाले आधी येऊन खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, त्या वागण्याला तो अयोग्य म्हणतोय. जी बाई आईच्या आठवणीने रडत मागच्या बाकावर बसते तिला मेजापासून लांब ठेवायला ते वचन लिहिलेलं नाही.

आईला आता फोन लावता येत नाही, हे दुःख मी शब्दांनी कमी करू शकत नाही आणि करायचा आवही आणणार नाही. तुम्ही गेला नाहीत ते चुकलं, तुम्हाला ते ठाऊक आहे, म्हणून ते लपवू नका, देवापुढे तसंच नाव घेऊन कबूल करा, जसं त्या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून करायचे, आणि मग ते परत घरी आणू नका. लेवीय ५ मधे लिहिलंय की ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावेत, आणि तेही जमत नसेल त्याने थोडं पीठ आणावं, तेही पापार्पण म्हणून चालेल. परवडत नाही म्हणून कुणी दारातून परत गेलं असं होऊ नये याची इतकी काळजी त्या मंडपात होती.

पण भाऊ आहे. येशू मत्तय ५ मधे म्हणतो की अर्पण वेदीजवळ ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. जमिनीवरचा हक्क सोडा असं मी सांगत नाही, मृत्युपत्र नसेल तर आपल्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलगा-मुलगी दोघांना वाटा सारखाच आहे, तो प्रश्न वकिलाकडे चालू द्या. भावाशी बोलताना जमिनीचा विषय काढूच नका. एवढंच म्हणा की आईच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं, ती कशी होती ते मला सांग. त्याने फोन आपटला तर आपटू दे, तुमच्या बाजूचं तुम्ही केलं, समेटाचं दार त्याच्या हाताने उघडेपर्यंत तुम्ही मेजापासून लांब राहावं असा कुठे नियम नाही. आणि हे सगळं एकट्याने ओढू नका, पाळकांना किंवा पाळकीण बाईंना भेटा, प्रार्थना करून घ्या.

शास्त्राभ्यासाचं म्हणाल तर तासाभरात सगळा मंडप उरकायला जाऊ नका. आरशांच्या वचनाने सुरू करा, बायका लगेच बोलायला लागतील. मग ३२ ते ३४ गोष्टीसारखं सांगा, अहरोन सोडू नका, मग ४० मधली शेवटची पाच वचनं कुणाला तरी वाचायला लावा, आणि इब्री १०:१९ ते २५ ने थांबा. कुणाला डोळ्यांनी बघायची हौस असेल तर इस्राएलच्या दक्षिणेला तिम्ना इथे पूर्ण मापाची प्रतिकृती उभी आहे, तिचे व्हिडिओ मोबाइलवर दिसतील. मेखांबद्दल कुणी विचारलंच तर सरळ सांगा की बायबल याचा अर्थ देत नाही. त्या दोराबद्दल कुणीतरी नक्की विचारेल, मला खात्री आहे की तुमच्यासारखी तो दोर मनात घेऊन बसलेली आणखी एखादी तिथे असणारच, तेव्हा ते आधीच सांगून टाका.

आणि पुढचा प्रभुभोजनाचा रविवार कोणता आहे ते पाळकांना आजच विचारून ठेवा.